घर दानिलोचं, मुक्काम वांदाबाईंचा

दानिलो बाल्लारिननं घर घेतलं तेव्हा वांदाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांचे ओठ निळे पडलेले होते. यातली ओठांची गोष्ट महत्त्वाची. घर वांदाबाईंचंच होतं आणि दानिलोनं ते आमच्याकडच्या जुन्या पद्धतीनं घेतलं होतं: किंमत निम्मी, सही आजच, पण विकणारा जिवंत आहे तोवर राहणार तोच. मूलबाळ नसलेले म्हातारे असं घर विकतात, आणि पुरते पैसे नसलेले घेतात. सही करताना दोघंही एकमेकांच्या तब्येतीची इतक्या मायेनं चौकशी करतात, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

दानिलो व्हेनिसमध्ये हातगाडी ओढायचा. पाण्याच्या बाटल्या, पिठाची पोती, जे असेल ते पूल चढवून दुकानोदुकानी पोचवायचं. शहराच्या कान्नारेजो भागात एका कालव्याकाठी तो जन्मला, तिथेच संसार मांडला. मग मालकानं त्याची भाड्याची जागा पर्यटकांसाठी काढून घेतली, आणि तो आणि त्याची बायको ओर्नेला खाडीपलीकडे मेस्त्रेला जाऊन पडले. तिथे घरांना लिफ्ट असते आणि खिडकीतून मोटारी दिसतात. "दोन वर्षं कळ काढ," तो ओर्नेलाला म्हणाला. "फार तर तीन." वांदाबाईंचं घर त्याच्या जुन्या गल्लीतच होतं: दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीखाली पाणी. आपल्या गल्लीत मरायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी आधी दुसऱ्या कुणीतरी तिथे मरायला हवं, हे तो मनातही बोलायचा नाही.

पण वांदाबाईंच्या हातात त्याचे पैसे पडले. त्या पैशांतून त्यांनी पादोव्हाच्या बड्या डॉक्टरकडून हृदयाची झडप बदलून घेतली. नवे दात बसवले. वर्षभरात ओठ गुलाबी झाले, गालांवर तकाकी आली. दानिलोनं स्वतःच्या घामाचे पैसे ओतून त्यांना ठणठणीत केलं होतं, आणि हे पुरतं लक्षात यायला त्याला आणखी दहा वर्षं लागली.

कोपऱ्यावरच्या बारचा मालक तुल्लिओ तर त्याला एक दिवस सोडत नसे.

"काय रे दानिलो, तुझं घर काल मासळीबाजारात भेटलं. बोंबलून भाव करत होतं."

"करू दे की. तुझ्या खिशातून जातंय का?"

"घराला सांग, जरा दमानं घे. बिचारा दानिलो थकला."

दानिलो हसायचा. दुसरं करणार काय? सकाळच्या पहिल्या फेरीला तो वांदाबाईंकडे दूध आणि पाणी घेऊन जिना चढायचा. सुरुवातीला खरं तर बाई कशा आहेत ते बघायला जायचा. नंतर सवय झाली आणि मग जीवही जडला. त्या दार उघडून म्हणायच्या, "आलास? आहे हं अजून."

"मी दूध द्यायला आलोय, वांदाबाई."

"मग तोंड का पाडलंस? ये, कॉफी घे."

अकराव्या वर्षी दानिलोच्या गुडघ्यांनी दगा दिला. डिसेंबरपर्यंत ओढ, मग बस कर, असं कंपनीनं सांगितलं. एक दिवस ओर्नेला भांडी घासता घासता म्हणाली, "नाताळपर्यंत. तोवर काही झालं नाही तर तो घराचा कागद विकून टाक. बाई शंभरी गाठणार आणि आपण इथे बसच्या रांगेत मरणार. मला नाही आता वाट बघवत." तिचं काही चुकत नव्हतं. अकरा वर्षं तिनं एकही पडदा नवा घेतला नव्हता, तिकडे गेल्यावर घेऊ म्हणून.

नोव्हेंबरात एका सकाळी भरतीचा भोंगा वाजला. पाणी गल्लीत चढलं. दानिलो उंच रबरी बूट घालून जिना चढला, तर दाराआडून आवाज आला. कण्हण्याचा. मग त्याचं नाव.

वांदाबाईंनी कधीची देऊन ठेवलेली किल्ली खिशात होती. तो उभा राहिला.

त्याच्या मनात काही वाईट आलं असतं तर निदान स्वतःला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण आला तो पलंग. ओर्नेलाचा पलंग खिडकीशी लावावा की आतल्या भिंतीला, एवढाच विचार तो करत होता. मग त्यानं दार उघडलं.

बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या. त्यानं फोन केल्यावर रुग्णवाहिकेची बोट निघाली, पण भरतीमुळे पुलाखालून जाईना. दोन पूल ओलांडून मोठ्या कालव्यावर आणा म्हणाले. दानिलोनं त्यांना उचलून खाली आणलं, गोधडीत गुंडाळून हातगाडीवर निजवलं आणि पाण्यातून गाडी ओढायला लागला.

"अरे, घर कुठे घेऊन चाललास?" तुल्लिओ दारातून ओरडला. मग त्याला वांदाबाईंचा चेहरा दिसला. तो एप्रनसकट पाण्यात उतरला आणि त्यानं मागची बाजू धरली. पुलांच्या पायरीपायरीला दानिलोचे गुडघे करकरत होते.

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, बसेल. हृदय मात्र पन्नाशीतल्या बाईचं आहे.

डॉक्टर गेल्यावर वांदाबाईंनी दानिलोचा हात धरला.

"किती वेळ उभा होतास रे?"

"कुठे?"

"बाहेर. तुझे बूट ऐकले मी. जिन्यावर वाजले, मग वाजायचे थांबले."

दानिलोला खोटं बोलता येईना. "पाचेक मिनिटं."

"मला जास्त वाटली." त्यांनी त्याचा हात तसाच धरून ठेवला. "तुझ्या जागी मी असते ना, तर परत खाली गेले असते."

हे ऐकून त्याचा बांध फुटला. साठीचा माणूस, सगळ्या वॉर्डासमोर तो ढसाढसा रडला. "मी काय करू सांगा ना, वांदाबाई! नाताळपर्यंत मुदत आहे माझी. मी काय करू?"

"मला नाही माहीत, बाळा," त्या म्हणाल्या. "पण मला मरायचं नाहीये."

दानिलोनं मान डोलावली. त्यांनी मरावं असं त्यालाही वाटत नव्हतं. नाताळला पाच आठवडे उरले होते.