दादाने सांगितलेलं जग

मंडळी, आज सकाळी माझी नात आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करत बसली होती. सत्तासंतुलनाचा सिद्धांत तिला काही केल्या उमगेना. मी म्हटलं, थांब, माझ्या दादाने मला समजावला होता तसा सांगते.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव मुरबाडकडचं वैशाखरे. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. आई भाकरी थापताना म्हणायची, "देवमाणसं ती. एवढ्या लांबून आपल्याला धान्य धाडतात."

मुंबईत राज्यशास्त्र शिकणारा दादा हसायचा. "देवमाणसं नाय गो आई. आपण रशियाकडं झुकू नये म्हणून देतात. उद्या आपण त्यांच्या मनाविरुद्ध बोललो का हात आखडतील. मग आपल्यालाच पिकवाय लागंल."

पुढे तसंच झालं. धान्य अडखळत येऊ लागलं, मग आपल्याकडे नवं बियाणं आलं.

पण ते बघायला दादा इथे नव्हता. तो शिकायला परदेशी गेला होता. निघताना आईने विचारलं, "परत कदी येशील रे?"

"शिक्षण झालं का लगेच येतो गो."

तो आला नाही. तिथेच नोकरी, तिथेच संसार, आणि तिथेच तो गेला. आई शेवटपर्यंत त्याची वाट बघत होती.

नातीला सिद्धांत कळला. मग तिने सहज विचारलं, "आजी, तुझ्या दादांचा आवाज कसा होता गं?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला तो आठवेचना.

तुमचंही असं कोणी आहे का, ज्याचे शब्द जसेच्या तसे राहिले आणि आवाज तेवढा हरवला?