निझव्याची तिरकी भिंत

ओमानातल्या निझव्याजवळच्या एका घरातली मक्केकडे वळलेली भिंत मी चुकलेली ठरवली, आणि पाडून सरळ करून देतो असं घराच्या मालकालाच सांगितलं.

घर म्हणजे पूर्वीचा मदरसा. मधे चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या, आपल्या लेण्यांतल्या विहारासारख्या. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, पूर्वजांनी बांधलेला. पुढे ओसाड पडला. अर्बाबनं त्याचं सुट्टीचं घर करायचं ठरवलं आणि काम दिलं माझ्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या वसईच्या इंजिनिअरला. पुढची बाजू त्यानं पुरी केली, मागची अजून मातीचा ढीगच होती. ते काम मला हवं होतं.

शुक्रवारी ऑफिसातल्या सगळ्यांना तिथे सहकुटुंब जेवायला बोलावणं आलं. आमच्या सौभाग्यवती दारापासूनच सुरू.

"अहो, खजुराच्या तुळया बघा. आणि एसी नसून किती गार."

"मातीचं घर गारच असतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही का नाही बांधलंत एखादं?"

वसईकर नुसता हसला. ते हसू भाताबरोबर गिळलं, पण उतरेना. मग मी खोट शोधायला लागलो. दारं नीट लागत होती. गिलावा सुरेख. शेवटी बैठकीच्या खोलीत सापडली. समोरची भिंत काटकोनात नव्हती. टिश्यूचा डबा कोपऱ्यात सरकवून पाहिला, तर एका बाजूला चांगली बोटभर फट. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. त्याच भिंतीच्या मध्यावर कमानदार कोनाडा होता, मशिदीत असतो तसा. इतकी वर्षं ओमानात काढून तो कसला हे मला कळायला हवं होतं, पण मला कोपऱ्यापलीकडे काही दिसतच नव्हतं.

"अरे, गप बस," वसईकर कुजबुजला. मला वाटलं, घाबरला.

"अर्बाब, ये दीवार टेढा है," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "पीछे का काम मेरे को दो, ये भी तोडके सीधा करता."

अर्बाबनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "ये नमाज का कमरा था. बाकी घर रस्ते के हिसाब से है, ये दीवार मक्का के हिसाब से."

बायको पदराशी चाळा करत खाली बघत होती. मी धीर करून विचारलं, "और पीछे का काम?"

"वो इसका," अर्बाबनं वसईकराकडे बोट केलं. "तुम मेरा गॅरेज बनाओ. गाडी किधर भी मुँह करके खडी रहती है."