होशिम-अकांची चौकशी

मुनोजातला नर्स व्हायचं होतं आणि मार्गिलानात खासगी नर्सिंग कॉलेजं होती दोन. एकाची वर्षाची फी एक कोटी वीस लाख सोम, दुसऱ्याची त्याच्या निम्मी. तिचे वडील होशिम-अका बाजारात नान भाजायचे. एका ठिकाणी पैसे ओतले की दुसऱ्यांदा ओतायची त्यांची ऐपत नव्हती; निवड चुकली तर मुलीचं शिक्षण तिथेच संपणार. तेव्हा सोयरीक जुळवताना आपल्याकडे जे करतात, तेच त्यांनी केलं. गरम नान फडक्यात बांधले आणि चौकशीला निघाले.

महागडं कॉलेज म्हणजे नुसती काच. आत शिरायच्या आधीच माणसाला आपला गरीब चेहरा दिसावा, अशी सोय. काउंटरवरची टापटीप मुलगी म्हणाली, "शंभरातल्या पंच्याण्णव जणींना नोकरी लागते, अका."

"वा! एखादीचा पत्ता दे की पोरी. जाऊन विचारून येतो."

मुलगी घुटमळली. "मीच घ्या ना. मी इथलीच शिकलेली."

"नर्स तू? मग इथे काय करतेस?"

"प्रवेश देते."

आणि बाकीच्या? तिने मागे फोनवर बसलेल्या तिघींकडे बोट दाखवलं. कॉलेजने आपल्या लेकींना वाऱ्यावर सोडलं नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. नव्या मुली गळाला लावायच्या कामावर जुन्या मुली! धंदा कळणाऱ्या अकांना कौतुकच वाटलं. नान मात्र त्यांनी फडक्यातून बाहेर काढले नाहीत.

स्वस्त कॉलेजात पोपडे सुटलेल्या भिंती होत्या आणि करोमात-ओपा नावाच्या मोठ्या बाई. त्यांनी चहा ओतला, नान मोडला आणि काय ते खरं सांगून टाकलं. "वीसपैकी अकरा जणी कामाला आहेत. दवाखान्यांत जाऊन विचारा."

"आणि उरलेल्या नऊ? शिकवण्यात खोट राहिली वाटतं."

"नऊ जणी पास होऊन घरात बसल्यात. सासरे पाठवत नाहीत."

"काय एकेक माणसं असतात!" अका मनापासून तापले. "बापाने घाम गाळून फी भरायची आणि यांनी पोरीला चुलीपुढे बसवायचं? नाव सांगा एखाद्याचं. दोन शब्द सुनावूनच येतो."

"बाजाराकडेच आहे की एक. आमची सुरय्यो. वर्गात पहिली. कुणा नानवाल्याची सून आहे म्हणतात, पहाटेपासून कणीक मळते."

घास अकांच्या घशात अडकला. मुलासाठी सुरय्यो आणताना त्यांनी तिच्या गल्लीतली सात घरं पालथी घातली होती. पुलाव जमतो का, उलट बोलते का, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. कुठे शिकली, तेवढं विचारायचं राहून गेलं. करोमात-ओपांनी पाणी पुढे केलं. दोन शब्दांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

संध्याकाळी जेवताना अकांनी निर्णय सांगितला: स्वस्त कॉलेज. सुरय्यो चहा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. लाज वाटत होती, म्हणून आवाज चढवला. "आणि मुनोजात, ऐकून ठेव. नोकरी करायचीच! एवढे पैसे भरतोय मी. उद्या तुझा सासरा नको म्हणाला तर त्याची गाठ माझ्याशी आहे!"

मुनोजातने वहिनीच्या हातातली किटली काढून घेतली, तिला आपल्याजवळ बसवलं आणि वडिलांकडे बघून विचारलं, "मग बाबा, वहिनीच्या वडिलांना बोलावून घेऊ का?"