ताशेरेबाईंचा अमेरिकेतला दावा

उत्तरपत्रिकेच्या समासात आमच्या बाई लाल शाईनं लिहायच्या, "हे तू लिहिलंस, की पेनाला मोकळं सोडलंस?" नाशिक रोडच्या आमच्या शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवत. कोर्ट एखाद्यावर ताशेरे ओढतं तशा त्या रोज सगळ्यांवर ओढत, म्हणून पोरांनी नाव ठेवलं ताशेरेबाई. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नाव बरं आहे. तुमच्यापैकी कुणाला सुचलेलं नसणार."

मी वकील झालो आणि पेढे घेऊन गेलो. एक पेढा खाऊन म्हणाल्या, "पेढा ठीक आहे. काळजी तुझ्या अशिलांची वाटते."

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. तिथंच मेघनाशी लग्न, तिथंच नीलचा जन्म. दरवर्षी बाई तिकडे जाऊन राहायच्या. नील लहान असतानाच मुलगा अपघातात गेला. पुढं मेघनानं दुसरं लग्न केलं आणि हळूहळू बाईंशी फोनही बंद केला. बाईंनी वाट पाहिली आणि मग थेट तिकीट काढलं. निघताना मला म्हणाल्या, "वेळ पडली तर वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात जाईन. तुमच्यासारखा तारखांचा खेळ नसेल तिथं."

मग तिकडून फोनवर ताशेरे सुरू झाले. "अरे, इथं राज्याची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत एक शिडी. यांनी दोन जिने बांधलेत आणि दोन्हींना जोडणारं दार फक्त गच्चीवर. नातवाचं भांडण म्हणजे राज्याचा जिना. केंद्रवाले हात लावत नाहीत."

न्यायाधीशावर तर त्यांचा विशेष राग. "निवडून येतो म्हणे! रस्त्यावर पाट्या लावून! आपल्या प्रभागातही हेच चालतं, पण आपला नगरसेवक निदान न्याय देतो असं म्हणत नाही."

"आणि ज्यूरी?" मी विचारलं.

"ती सिनेमात. असल्या घरगुती भांडणाला एकटा न्यायाधीश पुरतो. तूही सिनेमे बघूनच वकील झालास वाटतं."

तिथल्या राज्याच्या कायद्यानं आजीला नातवाच्या भेटीसाठी अर्ज करता येत होता. बाईंनी केला. मेघनाच्या वकिलानं त्याला उत्तर दिलं ते अमेरिकेच्या राज्यघटनेचं. बाईंनी ती घटना आधीच वाचली होती आणि "केवढीशी!" म्हणून नाक मुरडलं होतं. त्या घटनेत आई हा शब्द नाही, आजी हाही नाही. फक्त एका दुरुस्तीत म्हटलंय, की रीतसर प्रक्रियेशिवाय राज्यानं कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये. त्या स्वातंत्र्यातच मूल कसं वाढवायचं, कुणाला भेटू द्यायचं हे ठरवण्याचा आईबापाचा हक्क येतो, असं तिथली कोर्टं मानतात. आई नीट सांभाळत असेल, तर तिच्या निर्णयाला मान द्यावा लागतो. आजी चांगली दिसते एवढ्यावर न्यायाधीशाला आईचं घर उघडता येत नाही.

न्यायाधीशानं मेघनाला विचारलं, भेट का नको? ती म्हणाली, "माझ्या प्रत्येक गोष्टीला त्या नावं ठेवतात, ते मी सोसलं. पण नील रडला की त्याला म्हणायच्या, तू तुझ्या बाबासारखा नाहीस. माझा मुलगा रोज मला विचारायचा, मी बाबासारखा का नाही?"

अर्ज फेटाळला गेला. बाईंचा वकील म्हणाला, राज्याच्या अपील कोर्टात जाऊ, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टात, मग वॉशिंग्टनला. तिथले नऊ न्यायाधीश कुठलं प्रकरण ऐकायचं ते स्वतःच निवडतात, पण प्रयत्न करू. बाई म्हणाल्या, "ती खोटं बोलली असती, तर गेले असते."

बाहेर मेघना गाडीचं दार उघडत होती. बाई तिच्याजवळ गेल्या, "निकाल बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि परत आल्या.

नाशिकला आल्यावर मी भेटायला गेलो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "बाई, कायदाच चुकीचा आहे तिथला."

"गाढवा," त्या कडाडल्या, "उद्या सरकार तुझ्या घरात शिरून तुझं पोर कुणाकडे पाठवायचं ते सांगेल, तेव्हा काय करशील? घटना सरकारला उंबऱ्याबाहेर थांबवते, हे जन्मभर शिकवलं मी. आता माझ्यासाठी तो उंबरा काढून ठेवायचा?" मग तोंड फिरवून म्हणाल्या, "चहा घे. पांचट झालाय, तुला चालेल."

काही महिन्यांनी मेघनानं आपणहून फोन केला. मग अधूनमधून नीलही बोलू लागला. त्या दोघांसमोर बाई जपून बोलत आणि सगळी भरपाई आम्हा जुन्या विद्यार्थ्यांवर करत.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मेघनाला मीच कळवलं. ती म्हणाली, "दादा, प्रत्येक वेळी फोन ठेवताना आई विचारायच्या, 'पुन्हा करू का गं, की नको?' परवाही विचारलं. मी म्हटलं, करा ना."