कागद सापडत नाही, असं मी म्हटलं

ये, अशी जवळ सरक. नात्यातली पोर तू, दारातल्या खुर्चीत पाहुण्यासारखी काय बसतेस? आणि चहा नको म्हणायची रीत कुठून शिकून आलीस? इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस, वरून पुन्हा घड्याळ बघतेस. बस. आज जे सांगणार आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही — सख्ख्या भावाला नाही, देवापुढं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही.

माझी शीतल. एकुलती एक. ती सातवीत असताना तिचे बाबा गेले, मग घरात आम्ही दोघीच. लोणारात सगळे म्हणतात, या बाईची पोरगी दुबईला असते. ती दुबईला नाही, मस्कतला आहे. पण आपल्याकडं समुद्रापलीकडचं सगळं दुबईच. तिथं एका शाळेत ती गणित शिकवते. आणि मी? मी चौथीत शाळा सोडलेली. पण तिची पुस्तकं उघडून उघडून वाचायला शिकले — आधी मराठी, मग जरा इंग्रजीसुद्धा. ती गृहपाठ करायची, मी भाकरी थापता थापता तिच्या वहीत डोकवायची. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं तूच म्हणशील, बिचारीला कागदातलं काय कळणार. मला कळत होतं.

चार वर्षं झाली या गोष्टीला. त्या शाळेत तिचा जीव रमत नव्हता. दुपारच्या उन्हात मुलांना बसमध्ये बसवायचं काम तिच्याच गळ्यात, राहायला तिघींत एक खोली. शहराच्या दुसऱ्या टोकाची एक शाळा तिला घ्यायला तयार झाली — अकरावी-बारावीचे वर्ग, राहायला स्वतंत्र खोली. फोनवर किती हसली होती त्या दिवशी! पण तिथं आपल्यासारखं नसतं, की आज ही शाळा सोडली अन् उद्या ती धरली. तिनंच मला समजावलं होतं.

"आई, व्हिसा माहा नसते वं, शाळेचा असते. शाळा सोडली का महिन्याभरात देश सोडा लागते. नव्या शाळेनं त्याच्या आत नवा व्हिसा काढला, तरच राहता येते."

वर्षभर विनवण्या केल्या तेव्हा कुठं जुन्या शाळेनं सोडायचं पत्र दिलं. तिनं राजीनामा दिला. आता नव्या शाळेला हवं होतं तिचं पदवीचं मूळ प्रमाणपत्र, मागं सरकारी शिक्के मारलेलं. आणि ते होतं माझ्याजवळ. मागच्या सुट्टीत तीच ठेवून गेली होती — "तिथं एसीचं पाणी गळते आई, तुह्याजवळच बरं."

"लोखंडी पेटीत निळ्या फायलीत पाह्य. उद्याच कुरिअरनं धाड. दहा दिवसांत पोचलं पाह्यजे."

हो म्हटलं मी. पण माझ्या कानात तिचं एकच वाक्य राहिलं होतं — देश सोडा लागते. देश सोडा लागते, म्हणजे कुठं येईल? घरीच ना?

आता कसं सांगू… पेटी उघडली. फाईल वरच होती, शोधावीसुद्धा लागली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद, त्यावर तिचं नाव, तिच्या बाबांचं नाव. मी तो हातात धरून बसले. कुरिअरवाल्याचं दुकान एसटी स्टँडजवळ, चालत दहा मिनिटं. चपलासुद्धा घातल्या होत्या. मग चपला काढल्या. कागद गोधडीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. मी म्हटलं, "सापडूनच नाही राह्यला वं बाई."

"असं कसं? फोन पेटीकडं फिरव बरं."

फिरवला. एकेक वस्तू काढून दाखवली तिला — फायली, तिच्या बाबांचं घड्याळ, माझा शालू, रेशनचं कार्ड. आणि मी बसले होते कुठं? त्याच गोधडीवर. जरा पुढं वाकले की खाली प्लास्टिक करकरायचं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकत होते. आणि ती तिकडून — "पाणी पे आई आधी, पेटी राहू दे."

"तुले आठवत कसं नाही कुठं ठेवलं ते?"

"मले काय समजते बाई तुहे इंग्रजी कागद," मी म्हटलं. मी! जिनं तिच्याच वहीतून अक्षरं उचलली, ती.

दहाही दिवस तिचा रोज फोन, मधल्या सुट्टीत, मागं मुलांचा गलका. विद्यापीठातून दुसरी प्रत काढायची तर दोन महिने लागणार होते. तिचा आवाज रोज थोडा बारीक होत होता, अन् मी इकडं काय करत होते? शेवया केल्या. तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. इथल्या शाळेत जाऊन विचारूनही आले, गणिताची जागा आहे का म्हणून. मला वाटायचं, थोडे दिवस रडेल, मग जवळ असेल.

ती आली नाही.

जुन्या शाळेत जाऊन तिनं राजीनामा मागं घेतला. मुख्याध्यापिकेच्या टेबलासमोर उभं राहून माफीचं पत्र लिहून द्यावं लागलं. तीन वर्षांच्या करारावर सही घेतली, त्या उन्हाळ्याची सुट्टी कापली, दहावीचा वर्ग काढून लहान पोरांना शिकवायला बसवलं. हे सगळं मला शांतपणे सांगून झाल्यावर म्हणते कशी — "तू मनाले लावून घेऊ नको आई. चूक माहीच. या वयात तुह्यावर असा भार टाकाले नको होता."

कळलं तुला? तिला वाटलं, आईला विसर पडायला लागला.

तेव्हापासून रोज विचारते — गोळी घेतली का, गॅस बंद केला का. तिकडून बदाम पाठवते. शेजारच्या कमलबाईला सांगून ठेवलंय, आईकडं लक्ष असू द्या. ती बाई सकाळी दारातूनच ओरडते, "काऊन वं, आज कोन्ता वार हाय सांग बरं!" आणि मी — हसू नकोस — मी कधीकधी मुद्दाम बुधवारला गुरुवार म्हणते. आता विसराळू नाही म्हणाले, तर तो कागद कुठं गेला?

दोन वर्षांनी पंधरा दिवसांसाठी आली. आल्या आल्या बॅगसुद्धा उघडली नाही. कागदाच्या पट्ट्या कापून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहायला बसली. हळद. मीठ. साखर. मोठ्या, सुट्या अक्षरांत, लहान पोरांना लिहून देतात तशी. मी डिंकाची बाटली धरून तिच्या शेजारी बसले होते. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती म्हणाली, "मोहरी कुठं हाय वं?" आणि मी मोहरीचा डबा पुढं केला.

करार संपला, तर तिनं पुन्हा त्याच शाळेच्या नव्या करारावर सही केली. दुसरीकडं बघायची आता हिंमत नाही, म्हणते. विद्यापीठाची दुसरी प्रत कधीच मिळाली तिला. पण नव्या शाळेतली ती जागा तोवर भरून गेली होती. तिचा मूळ कागद अजून माझ्याकडंच आहे.

माझ्या वयावर, एकटेपणावर मी हे ढकलत नाही. एकट्या बाया काय थोड्या आहेत? त्या नाही आपल्या लेकीच्या कागदावर बसत.

पूर्वी दर फोनला मी तिला विचारायची, "कधी येतेस?" कागद लपवला त्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू? आणि तिला वाटतं, आई हे विचारायचंही विसरली.

तिला म्हणता येत नाही, ते तुला म्हणते. लवकर ये पुन्हा. राहायलाच ये.