शिवूच्या आडातला गाळ

शुक्रवार पेठेत बसव्वाची शेंगाचटणी ठाऊक नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. उखळात कांडलेली, तेल सुटलेली. बाईची जीभही तशीच तिखट. "आज लसूण कमी वाटतो" म्हणणाऱ्याला ती सरळ दुसरं दुकान दाखवायची. पण परसातल्या आडाचा विषय निघाला की हीच बसव्वा गप्प व्हायची. गल्लीनं मग तो विषय काढणंच सोडून दिलं.

आडावर शहाबादी फरशा होत्या. शिवू गेला त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं, महादेवप्पानं, त्या बसवल्या. शिवू त्यांचं एकुलतं एक पोर. सात वर्षांचं. पोहरा ओढायला वाकलं, ते तोल जाऊन आत. गळ टाकून त्याला वर काढलं तेव्हा गळ्यातली दोरी तुटलेली होती. बारशाच्या आधीच स्वामींनी बांधलेलं त्याचं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट, करडगीसकट, आडातच राहिलं. लिंगायताला मातीत बसवतात ते त्याचं लिंग त्याच्या हातात देऊन. स्वामींनी पोराच्या मुठीत दुसरं लिंग ठेवलं आणि समजूत घातली, "लिंग सगळं एकच, अव्वा." दुधाची तहान ताकावर भागवा म्हणण्यातलाच तो प्रकार. बसव्वाला ते कधीच पटलं नाही. आपलं पोर परक्याचं लिंग घेऊन गेलं, एवढंच तिच्या मनात राहिलं. पुढं महादेवप्पाही वारला.

गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पेठेत शिरली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून शहराचा एकेक प्रश्न त्यांना वाटून दिला होता. कुणाला कचरा, कुणाला सांडपाणी. यांच्या वाट्याला पाणी आलं. जुने आड शोधायचे, उपसायचे, आणि नळाचा भार कसा हलका होईल ते महापालिकेला सांगायचं.

"सल्ला द्यायला ढीगभर माणसं येत्यात," बसव्वानं त्यांना दारातच ऐकवलं. "पाणी द्यायला कुणी येत न्हाय."

बाकीची पोरं निघून गेली. पायल तेवढी थांबली. माढ्याच्या शेतकऱ्याची, रावजींची लेक, कष्टाची सवय असलेली. तिनं बसव्वाच्या हातातलं मुसळ घेतलं आणि कांडायला बसली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. आडाबद्दल काही विचारलंच नाही तिनं. म्हणूनच एके दुपारी बसव्वानं आपण होऊन सांगितलं. शिवूचं सांगितलं, लिंगाचं सांगितलं, आणि आजवर स्वामींनाही न सांगितलेलं सांगितलं.

"मी मेल्यावर माझ्या डाव्या हातात माझं लिंग देतील. उजव्या हातात मला त्येचं पायजे. तिकडं गेल्यावर पोराच्या गळ्यात घालीन म्हंते."

पायल रडली. बसव्वा नाही.

"आड उघडा," ती म्हणाली. "पर गाळ माझ्यासमोर चाळायचा. आन ह्ये कुणाला सांगू नगं. लोक हसत्यात."

पायलनं तिच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला. आणि तो पाळलाही. तेच नडलं.

मोटार लावून आड उपसायला घेतला. उपसा दोन दिवस चालणार, मग गाळ, असा अंदाज होता. दुसऱ्याच दिवशी पोरांना महापालिकेत सगळा प्रोजेक्ट मांडून दाखवायचा होता. पायलनं हट्ट धरला, "अज्जी, ज्यांचा आड त्या तुम्ही. तुम्हाला यायलाच पाहिजे." बसव्वानं ठेवणीतलं इरकल काढलं. सभागृहात तिला पुढच्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. एवढ्या वर्षांनी कुणी तिचं नाव मोठ्यानं घेतलं होतं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

इकडे आड दुपारीच रिकामा झाला. पाझर जोराचा, थांबलं तर पाणी पुन्हा चढणार. गाळ काढणाऱ्यांनी वाट बघितली नाही, आत उतरले. प्रोजेक्टमध्ये लिहिलेलंच होतं की गाळसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही, शेताला द्यायचा. पायलनंच ते ठरवून वडलांचा ट्रॅक्टर बोलावून ठेवला होता. चाळण्याचं तिनं ना मजुरांना सांगितलं, ना बापाला. कुणाला सांगायचं नव्हतं ना!

बसव्वा शाल पांघरून घरी आली तेव्हा परसात ओलसर डाग तेवढे होते. ती आडाच्या काठाशी बसली. तळाला पाणी चमकत होतं. "गाळ कुटं हाय?" तिनं विचारलं. "माढ्याला गेला, अज्जी. आमच्या रानात," पायल म्हणाली.

सकाळी दोघी माढ्याला गेल्या. रावजींनी रातोरात गाळ रानात पसरून वर नांगर फिरवला होता. असली काळी माती मिळाल्यावर कुठला शेतकरी दम धरतो?

"आक्का, मला ठावं असतं तर हात लावला नसता," ते कपाळाला हात लावून म्हणाले. त्यांचा काय दोष होता? दिवस मावळेपर्यंत तिघांनी ढेकळं फोडली, माती चाळली. पोहऱ्याची गंजलेली कडी तेवढी निघाली. बसव्वानं ती ओळखली, आणि तिथंच बांधावर बसून ती रडली. शिवू गेला तेव्हा रडायचं राहिलं होतं, तेही त्या दिवशी रडून घेतलं.

आडाला पाणी गोड लागलं. अख्खी गल्ली भरून नेते, आणि बसव्वा कुणाला अडवत नाही. स्वतः मात्र नळाचंच पिते. पोरांच्या प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं, पायलला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी ती भेटायला आली. बक्षीस दाखवायचं धाडस तिला झालं नाही.

"अज्जी, मला माफ करा," एवढंच ती म्हणाली.

बसव्वानं मुसळ थांबवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कारण ते खरं नव्हतं. पोरीवरची मायाही आटली नव्हती, आणि तेच सोसत नव्हतं.

"त्या रानात काय हाय आता?"

"ज्वारी. कमरेला लागलीय."

"मग आता उकरता येत न्हाय." बसव्वानं उजवा हात पदराला पुसला आणि उघडा करून पायलसमोर धरला. "मी गेले की ये. कुटंबी आसलीस तरी ये. त्या रानातली मूठभर माती आन, आन ह्या हातात दे."

"आणीन, अज्जी."

"आन ह्या बारीला," बसव्वा म्हणाली, "कुणाला तरी सांगून ठेव."