ताटवाली आत्या

आत्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी ताटाकडे. पाहुणा असो नाहीतर जावई, ताटात कोशिंबीर दिसली नाही की सरळ विचारायची, "एवढंच? आणि हिरवं कुठाय?" पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला ताटवाली आत्या म्हणत आणि तिला ते आवडायचं. लग्न तिनं केलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी केली आणि आमच्याच घरात, माझ्या आईची नणंद म्हणून तोऱ्यात राहिली.

खादाड होती असं मात्र समजू नका हं! शुगर निघाली तेव्हा नातेवाइकांनी सल्ले देऊन तिचं डोकं उठवलं. कुणी म्हणालं भात बंद, कुणी म्हणालं कारल्याच्या रसावर राहा. आत्यानं डॉक्टरांच्या गोळ्या मुकाट घेतल्या, भात अर्ध्यावर आणला, भाजी वाढवली आणि कचेरीतून रिक्षा सोडून चालत यायला लागली. "भाताशी काडीमोड कशाला? जरा लांब बसवायचं त्याला," म्हणायची. वर्षानुवर्षं तेच. कंटाळा कसा येत नसे देव जाणे. वालाचं बिरडं असलं की मात्र दोनदा घ्यायची, तिथे कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

माझं लग्न ठरलं आणि उलव्याची मावशी, आईची धाकटी बहीण, स्वतः बाराही महिने डाएटवर असलेली, आमच्या घरातही डाएट घेऊन शिरली. सकाळी काकडीचा रस, रात्री कोबीचं सूप, मध्ये गरम पाणी. लग्नाच्या साडीवरचा ब्लाउजसुद्धा आईनं आणि तिनं मुद्दाम लहान मापाचा शिवून घेतला. "होशील गं तोपर्यंत बारीक!" केस मूठमूठ गळायला लागले, पाळी चुकली, तरी मी आरशासमोर पोट आत ओढून उभी. एक दिवस आत्याबरोबर मासळी बाजारात गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच खाली बसले. मासळीवालीनं तोंडावर पाणी मारलं. "पोरी, काय खाल्लंस का नाय?" मी नाही म्हणून मान हलवली. आत्यानं मला दंडाला धरून उठवलं.

बाजारातून तिनं मला आधी डॉक्टरकडे नेलं. घरी आल्यावर कपाटातून ब्लाउज काढला, ब्लेड घेतलं आणि दोन्ही बाजूंची शिलाई टराटरा उसवली. आई ओरडली, "अहो वन्सं, लग्न तोंडावर आलंय!"

"म्हणूनच! कपडा माणसाच्या मापाचा शिवतात, वहिनी. कपड्यासाठी माणूस उसवत नाहीत."

माझं केळवण मग तिनं स्वतः केलं. भाकरी, थोडा भात, बिरडं, पालेभाजी, कोशिंबीर, ताक आणि एक पुरणपोळी. मावशी पाटावर बसता बसता म्हणाली, "आज जेवली तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, सांगून ठेवते."

"जाऊ दे पाण्यात," आत्या म्हणाली. "पोरीला सासरी पाठवायचीय, हॉस्पिटलात नाही." मग माझ्याकडे वळली. "जेव. आणि उद्याही जेव. अधाशासारखं नको, रोजच्यासारखं."

मला रडू फुटलं. रडत रडत जेवले, आणि काय सांगू, त्या बिरड्यासारखी चव मला पुन्हा कधी लागली नाही. लग्नात मी चांगली गुबगुबीत दिसत होते. मावशी फोटोला उभी राहीपर्यंत फुगलेली होती.

गेल्या महिन्यात आत्या गेली. झोपेतच. घरात चूल पेटवायची नव्हती म्हणून शेजारणींनी पिठलं-भात आणला होता, तेवढ्यात मावशी भेटायला आली. माझ्याजवळ बसून हळहळली, "एवढं जपून खाल्लं, काय उपयोग झाला? शेवटी गेलीच ना!"

माझं टाळकंच फिरलं.

"हो मावशी, गेली," मी म्हणाले. "पण जेवून गेली. तू अजून उपाशीच आहेस."